दार उघडल्यानंतर

जून १८९०. केंब्रिजच्या सिनेट हाउसमध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेचा निकाल वाचला जातोय. आधी मुलग्यांची यादी. त्यात जो पहिला, तो 'सीनियर रँग्लर'. रँग्लर परांजप्यांमुळे हा शब्द आपल्या कानावरचा आहे. मग मुलींची वेगळी यादी. पहिलंच नाव फिलिपा फॉसेट, आणि तिचा क्रमांक : 'सीनियर रँग्लरच्या वर'.

पदवी मात्र तिला मिळाली नाही. केंब्रिज मुलींना परीक्षेला बसू देत होतं, पदवी देत नव्हतं. ती मिळू लागली १९४८ साली. मध्ये ५८ वर्षं गेली.

दार उघडलं म्हणजे बरोबरी मिळाली, असं नाही. म्हणून आज कॉलेज निवडताना 'इथे मुली किती?' एवढं विचारून थांबू नका. माहितीपत्रकातला एकूण आकडा फार काही झाकतो. एका विभागात वर्गभर मुली आणि शेजारच्या विभागात जेमतेम तिघी, तरी बेरीज छान दिसते. आपल्याला जी शाखा घ्यायची आहे, तिचाच आकडा मागा. पहिल्या वर्षाचा आणि शेवटच्या वर्षाचाही. मध्ये कोण गळलं, ते तिथे कळतं.

'मुलींना ही शाखा आवडतच नाही,' असं उत्तर मिळेल. ते लगेच मान्य करू नका. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ साली संगणकशास्त्राला नव्याने प्रवेश घेणाऱ्यांत मुली होत्या ७ टक्के. २००० साली ४२ टक्के. पाच वर्षांत मुलींची आवड बदलली नव्हती, विद्यापीठ बदललं होतं. आधीपासून प्रोग्रामिंग येतं की नाही, याला प्रवेशात दिलं जाणारं वजन त्यांनी कमी केलं. नवशिक्यांना वेगळ्या पायरीवरून सुरुवात करता येईल असे अभ्यासक्रम आखले. घरचा संगणक बहुधा मुलाच्या खोलीत असायचा. त्याची शिक्षा मुलीला का?

शिकवतं कोण, तेही पाहा. विभागाच्या पानावरची नावं वाचा. बायका आहेत, पण सगळ्या हंगामी नेमणुकीवर आणि कायम प्राध्यापक सगळे पुरुष, असं दिसलं तर माझ्या मते ती मोठी खूण आहे.

हे प्रश्न मुलग्यांनीही विचारायचे आहेत. नर्सिंगला किंवा बालशिक्षणाला जाणाऱ्या मुलाला तिथे टोमणे ऐकावे लागतात की तो सहज रुळतो? ज्या वर्गात मैत्रीण गप्प बसते, तिथे मुलाचंही शिक्षण अर्धंच होतं.

त्रास झाला तर तक्रार कुणाकडे करायची? हे कार्यालयात विचारू नका, तिथे नियमावली दाखवतील. व्हरांड्यात उभ्या असलेल्या कुठल्याही विद्यार्थिनीला विचारा. तिला तक्रार समितीतल्या एका व्यक्तीचं तरी नाव सांगता येतं का?

आणि शक्य असेल तर कॉलेज पाहायला अंधार पडल्यावर जा. ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंतच्या वाटेवर दिवे आहेत का, वसतिगृहाचं फाटक मुलींसाठी लवकर आणि मुलांसाठी उशिरा बंद होतं का, बघा. प्रयोगशाळेच्या काचेतून आत डोकवा. या वेळी यंत्रांसमोर कोण बसलंय?