नडीपोटी विकलेलं शेत

[दृश्य: लाकडी पेटीतलं पिवळं पडलेलं खरेदीखत. शेवटी अंगठ्याचा ठसा.]

जुन्या खरेदीखतांत एक शब्द हमखास भेटतो. नड. नवऱ्याचं देणं फेडायची नड, मुलीच्या लग्नाची नड, सरकारी सारा भरायची नड. विकणारी विधवा असेल, तर हा शब्द म्हणजे नुसती कागद लिहिण्याची रीत नव्हती. सगळा व्यवहार त्या दोन अक्षरांवर उभा असायचा.

ही गोष्ट १९५६ पूर्वीच्या हिंदू कायद्याची. नवरा भावांपासून विभक्त झालेला, पोटी मुलगा नाही, आणि तो वारला, तर जमीन बायकोकडे यायची. एकत्र कुटुंबात असता तर तेही नाही. अन्नवस्त्र तेवढं मिळायचं.

जमीन आली म्हणजे तिची झाली का? पीक तिचं, खंड तिचा, त्या पैशाचा हिशेब मागणारं कुणी नाही. ती हयात असेपर्यंत दीर-पुतण्यांना त्या जमिनीवर हक्क नव्हता, नुसती आशा होती. पण तिच्यामागे जमीन तिच्या वारसांकडे जायची नाही. नवऱ्याच्या वारसांकडे जायची: मुलीकडे, मुलगी नसेल तर पुढे भाऊ-पुतण्यांकडे. म्हणून कायमची विकायची, तर कायद्याला पटेल अशी नड हवी.

आपल्या मुंबई इलाख्यात तर आणखी गंमत. बापाची जमीन लेकीला मिळाली तर ती पूर्ण मालकीण. तीच जमीन त्याच्या विधवेला मिळाली, तर हयातीपुरती.

[दृश्य: बांधावरून चालणारी म्हातारी, पाठमोरी.]

नड म्हणजे काय, याची कसोटी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाने, १८५६ साली घालून दिली, हनुमानप्रसाद पांडे खटल्यात. तो खटला विधवेच्या हक्काचा नव्हताच. अल्पवयीन मुलाच्या आईने त्याची मिळकत गहाण टाकली होती, त्याचा वाद होता. मिळकतीवर खरोखर दडपण होतं का, कोणतं संकट टाळायचं होतं, त्यात मिळकतीचा काय फायदा होता, हे बघा, असं न्यायाधीश म्हणाले. पुढे हाच गज विधवेच्या व्यवहारांना लावला गेला.

नवऱ्याचं कर्ज, त्याचं श्राद्ध, मुलीचं लग्न, स्वतःचं पोट, सारा, जमीन वाचवण्यासाठीचा कोर्टखर्च: हे चालायचं. नवऱ्याच्या आत्म्याच्या कल्याणासाठी जमिनीचा लहानसा तुकडा दिला तरी चालायचं. स्वतःच्या पुण्यासाठी मात्र नाही.

आता घेणाऱ्याच्या बाजूने बघा. नड सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. ते जमलं नाही, तर निदान आपण नीट चौकशी केली होती, एवढं तरी दाखवायचं. आणि हे कधी? बहुतेकदा ती बाई गेल्यावर. नड नसताना केलेली विक्री लगेच रद्द व्हायची नाही. ती जगेपर्यंत टिकायची. म्हणजे घेणाऱ्याने शेत घेतलं होतं की तिचं उरलेलं आयुष्य, हे ती मेल्यावर ठरायचं. तिच्या मृत्यूपासून १२ वर्षांच्या आत वारसाने दावा लावला, की कोर्टात प्रश्न यायचा: तेव्हा नड होती का?

तोवर सावकार मेलेला, साक्षीदार मेलेले. नुसतं खतात लिहिलंय म्हणून नड होती असं कोर्ट सहसा मानायचं नाही. काळ फार लोटला असेल, तर त्या लिहिण्याला थोडं वजन यायचं.

अशा जमिनीला पुरा भाव कोण देईल? शहाणा गिऱ्हाईक आधी म्हणणार, पुतण्याची संमती आणा. जवळच्या वारसाने संमती दिली, तर नड खरी असावी असं कोर्ट धरून चालायचं. ज्या पुतण्याचा जमिनीवर आज काडीचा हक्क नाही, त्याच्या सहीला अशी किंमत यायची. माझ्या मते या कायद्याचा खरा काच इथे होता. बाईला विकायची बंदी नव्हती, पण तिच्या गरजेचा दाखला भाऊबंदांच्या हातात होता.

१९३७ च्या कायद्याने एकत्र कुटुंबातल्या विधवेलाही नवऱ्याचा हिस्सा दिला. पण हक्क तसाच, हयातीपुरता.

[दृश्य: तलाठ्याच्या दप्तरातलं फेरफाराचं पान.]

१७ जून १९५६. हिंदू वारसा कायदा लागू झाला. कलम १४ : हिंदू स्त्रीच्या ताब्यातली मिळकत, ती कायद्याआधी मिळालेली असो की नंतर, तिच्या पूर्ण मालकीची. मृत्युपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने मुळातच मर्यादित हक्क दिला असेल तर अपवाद. पण तो अपवाद पोटगीपोटी मिळालेल्या जमिनीला लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तुळसम्मा खटल्यात सांगितलं.

जिच्या हातात त्या दिवशी जमीन होती, ती सुटली. जिने आधीच विकून ताबा दिला होता, तिच्या व्यवहाराला मात्र जुनाच कायदा.

समजा, १९५५ साली एकीने दोन एकर विकले आणि १९७० साली ती वारली. तिचा पुतण्या १९८२ पर्यंत दावा लावू शकत होता. आणि घेणाऱ्याच्या मुलाला कोर्टात उभं राहून सांगावं लागलं असतं, की सत्तावीस वर्षांपूर्वी, आपण पाळण्यात असताना, त्या बाईला पैशाची नड होती.