डेमलो स्टेशनात सुचलेलं गणित

(काळा फळा. खडूचा आवाज.)

रस्त्यानं जाणाऱ्या एखाद्या स्कूटरच्या नंबरप्लेटवरचे चार अंक घ्या. चारही सारखे नसले म्हणजे झालं. समजा, ३५२४. हे अंक मोठ्यापासून लहानाकडे मांडले की ५४३२, उलटे मांडले की २३४५. वजाबाकी करा. उत्तर ३०८७. आता याच अंकांचं पुन्हा तसंच. ८७३० वजा ०३७८. आले ८३५२. अजून एकदा. ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४.

आणखी पुढे जाऊ. ७६४१ वजा १४६७. पुन्हा ६१७४! इथून गाडी हलत नाही.

दुसरी संख्या घेऊन बघा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही याच मुक्कामाला पोचता. मध्येच उत्तर तीन अंकी आलं, तर पुढे शून्य लावायचं, एवढंच पथ्य.

हे ज्यांना सापडलं, ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

(जुनं देवळाली. शाळेची घंटा.)

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. तो त्यांनी मुलालाही लावला. कुंडली मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. मुलाचं मन ग्रहांपेक्षा आकड्यांतच अडकलं. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनला. १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, १९२९ साली पदवी. त्यापुढचं शिक्षण झालं नाही. १९३० मध्ये देवळालीला शिक्षक म्हणून रुजू झाले, ते १९६२ साली निवृत्त होईपर्यंत.

दिवसभर पोरांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात कागद-पेन्सिल घेऊन संख्यांशी बोलत बसायचं. दारुड्याला जसं त्या धुंदीतून बाहेर यावंसं वाटत नाही, तसंच आपलं संख्यांच्या बाबतीत होतं, असं ते सांगत. लोक त्यांना ‘गणितानंद’ म्हणत, ते उगाच नाही.

आता ६१७४कडे परत येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. त्या वजाबाकीत फक्त दोन फरक कामाला येतात. एक, सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला. दुसरा, अंक क्रमानं मांडल्यावर मधल्या दोन अंकांतला. पहिल्याला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, आणि बेरीज करा, की उत्तर तयार. ३५२४ मध्ये हे फरक ३ आणि १. म्हणजे २९९७ अधिक ९०, बरोबर ३०८७. म्हणून चार अंकी संख्या जवळजवळ नऊ हजार असल्या, तरी पहिल्या वजाबाकीनंतर उरतात फक्त ५४ उत्तरं. एवढ्या मोठ्या गर्दीला एका पायरीत इतक्या अरुंद दारातून जावं लागतं! हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ कागदाकडे बघत बसलो होतो.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी हे मांडलं. पण आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी त्यांचं काम हसण्यावारी नेलं. पोरखेळ म्हणून. मला हे फार लागतं. ना मोठी पदवी, ना विद्यापीठाची खुर्ची, आणि विषय कुणालाही कळेल असा. एवढं कारण पुरलं. कापरेकरांनी मात्र पदरचे पैसे घालून पुस्तिका छापल्या. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, तेव्हा शिकवण्या केल्या.

(फळ्यावर एकेक आकडा उमटतो.)

संख्यांना नावं देण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. १२ या संख्येच्या अंकांची बेरीज ३, आणि ३ ने १२ला पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना त्यांनी नाव दिलं ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी. २१ मध्ये तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की २४ येतात. म्हणजे २४ची जननी २१. पण २०? कुठल्याही संख्येत तिचे अंक मिळवून २० येत नाहीत. ती कुणाच्याच पोटची नाही, म्हणून ‘स्वयंभू’.

मार्च १९७५ मध्ये गणिताच्या गमतींवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, आणि जगाचं लक्ष देवळालीकडे गेलं. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते गेले.

(लोकल फलाटाला लागते.)

एक नाव राहिलं. २५५३ बघा. दोन्ही टोकांचे २ आणि ३ मिळवा, मधले ५ येतात. अशा संख्यांचा अभ्यास करायचं त्यांना सुचलं ते मुंबईपासून तीस मैलांवर, तेव्हाच्या जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या एका स्टेशनात. संख्यांना त्यांनी त्या स्टेशनाचंच नाव दिलं. डेमलो. आज तिथे डोंबिवलीची पाटी आहे. पण १११ गुणिले १११ करून येणारी १२३२१ ही संख्या (इथे टोकांचे १२ आणि २१ मिळवले की ३३, म्हणजे मधला ३च) जगभरचे गणितप्रेमी अजून डेमलो म्हणूनच ओळखतात.