पाळीचा अभ्यास, पाळी न येणाऱ्या प्राण्यावर

ऑर्गनॉइडकडे, म्हणजे पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या इवल्या अवयवाकडे, येणारच आहे, पण आधी मला उंदराबद्दल बोलू द्या. त्याशिवाय ऑर्गनॉइडचं मोल कळणार नाही.

प्रयोगशाळेतल्या उंदराच्या मादीला पाळी येत नाही. चार-पाच दिवसांचं तिचं चक्र, त्यात रक्तस्राव नाहीच. पाळी येते ती माणसाला, काही माकडांना आणि काही वटवाघळांना. (वटवाघूळ म्हटलं की सभागृहात हमखास हशा पिकतो, मलाही आवडतो तो.) काटेरी उंदराच्या एका जातीत पाळी येते, हे तर आत्ता २०१७च्या सुमारास प्रसिद्ध झालं.

आपल्या गर्भाशयाचं अस्तर गर्भाची वाट बघत बसत नाही, दर महिन्याला आपणहून तयारीला लागतं. उंदरात ही तयारी गर्भ टेकल्यावर सुरू होते. मग पाळीचा अभ्यास कसा करायचा? मादीचे बीजांडकोश काढायचे, ठरलेल्या क्रमाने संप्रेरकं टोचायची, गर्भ आल्याचा भास व्हावा म्हणून गर्भाशयात तेल सोडायचं आणि मग प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक अचानक बंद करायचं. एवढा खटाटोप केला की पाळीसारखं काहीतरी दिसतं. एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, त्याच्या अभ्यासासाठी तर गर्भाशयाचे तुकडे उंदराच्या मादीच्या पोटात शिवतात! जगात प्रजननक्षम वयाच्या दहातल्या साधारण एकीला हा आजार आहे, म्हणजे सुमारे १९ कोटी जणी. निदानालाच कित्येक वर्षं जातात, आणि तोवर ‘पाळीत दुखायचंच’ हे ऐकून घ्यावं लागतं. याचा मला संताप येतो. बरं, बाईवर औषधं तपासावीत, तर १९७७मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांना सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. ते धोरण बदलायला १९९३ उजाडलं.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. तर ऑर्गनॉइड.

२००९मध्ये नेदरलँड्सचे शास्त्रज्ञ हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने आतड्याच्या एकेका मूळपेशीपासून (जिच्यापासून इतर पेशी तयार होतात अशी पेशी) इवलं आतडं वाढवलं. २०१७मध्ये केंब्रिज आणि ल्यूव्हनच्या गटांनी तेच गर्भाशयाच्या अस्तराबाबत केलं. अस्तराचा कणभर तुकडा घ्यायचा, त्यातल्या ग्रंथी सुट्या करायच्या, जेलच्या थेंबात ठेवून वाढीचे घटक द्यायचे. काही दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली पोकळ गोळे दिसू लागतात. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन दिलं की ते प्रतिसाद देतात, गर्भाला पोसणारे स्राव सोडतात. गोठवून ठेवले तरी पुन्हा वाढतात. २०१९मध्ये एंडोमेट्रिऑसिसच्या गाठींपासूनही ते वाढवले गेले. म्हणजे जिला आजार आहे तिच्याच पेशींवर औषध तपासता येतं.

त्रुटीही सांगते. या गोळ्यांत फक्त ग्रंथींच्या पेशी असतात. रक्तवाहिन्या नाहीत, रोगप्रतिकारक पेशी नाहीत, आधार देणाऱ्या पेशी वेगळ्या घालाव्या लागतात. नेहमीचं जेलही उंदराच्याच गाठीपासून बनतं. कृत्रिम जेलवर काम चालू आहे. संपूर्ण पाळी बशीत घडवणं अजून लांब आहे.

आणि ज्यासाठी मी आज आले ते शेवटचं. २०२१मध्ये पाळीच्या स्रावातूनच असे ऑर्गनॉइड वाढवून दाखवले आहेत. बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी अस्तराचा तुकडा काढणं, दुखते, एकाच बाईची दर महिन्याला ती करणं शक्य नाही. पाळीचा स्राव मात्र दर महिन्याला मिळतो, कपमध्ये गोळा करता येतो. एकाच बाईचे सलग काही महिन्यांचे नमुने, सोबत तिच्या दुखण्याची नोंद, एवढं जमवणारे अभ्यास मोठ्या प्रमाणावर व्हायला हवेत. तुमच्यापैकी जे संशोधनाचे प्रस्ताव लिहितात किंवा तपासतात, त्यांनी हा मुद्दा त्यात घालावा. आता प्रश्न विचारा.