३.४.२ कुणी लिहायचं?

नमस्कार. समोर डीटीपी करणारी मंडळी दिसताहेत, प्रबंध लिहिणारी मुलंमुली आहेत, मागे तीन-चार वकीलही बसलेत. सगळ्यांचं वर्ड दिवसभर उघडं असतं, त्यामुळे फाइल सेव्ह कशी करायची इथपासून सुरुवात करत नाही. पत्रिकेत 'टेम्प्लेटमधली शीर्षकं आणि क्रमांक' असा विषय छापलाय. टेम्प्लेट, म्हणजे जिच्यावरून पुढच्या फाइली बनवायच्या ती नमुना फाइल, बांधून दाखवणार आहेच, पण आधी एक गोष्ट ऐका.

नागपुरात बर्डीवर माझं दुकान. मे महिना, रात्रीचे साडेनऊ, शटर अर्धं खाली. एक मुलगी पेनड्राइव्ह घेऊन आली. गडचिरोलीतल्या वडसा भागातली, प्रबंध झाडीपट्टी रंगभूमीवर, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांवर. वडशाची कुणी असली की मी आधी नाटकांबद्दल विचारतो. दंडार या लोकनाट्यापासून ही रंगभूमी कशी घडली, शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, कुठे भरला की रात्री तिथे नाटक कसं ठरलेलं, हे ती इतकं सुरेख सांगत होती की मूळ काम राहूनच गेलं. मग म्हणाली, "सर, नंबर सगळे बिघडले ना जी. परवा जमा करायचं आहे."

झालं असं होतं. मार्गदर्शकांनी सांगितलं, चौथं प्रकरण आधी घ्या, तिसरं नंतर. सूचना रास्तच होती. तिने मजकूर कापून वर चिकटवला. आता क्रमांक बदलायचे. सगळे हाताने टाइप केलेले: तीन, टिंब, चार, टिंब, दोन, मग कुठे एक स्पेस, कुठे दोन, कुठे टॅब. तिने फाइंड-रिप्लेस उघडलं. शोधा '४.', बदला '३.', रिप्लेस ऑल.

काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या, म्हणजे पुढचं कळलं! चौथ्या प्रकरणाचे क्रमांक ३. झाले खरे, पण तिसऱ्याचे आधीपासून ३. होतेच. आता उलट फिरायचं तर कुठला ३ मूळचा आणि कुठला नवा, हे ओळखायचं कसं? जिथे ३.४.२ होतं तिथे ३.३.२ झालं, कारण '४.' त्याच्या पोटातही आहे. हेही एकवेळ निस्तरता आलं असतं. पण '४.' वाक्याच्या शेवटीही असतो. '१९७४.' चं '१९७३.' झालं. 'पृ. ५४.' चं 'पृ. ५३.' झालं. फाइल सेव्ह करून, बंद करून ती झोपली. सकाळी अनडू कुठलं?

तिला हे कळलं कसं, तर तिच्या वडिलांच्या पहिल्या नाटकाचं साल प्रबंधात होतं, १९८४. ते १९८३ दिसलं. "बाबांचं साल मी चुकणार नाही जी," ती म्हणाली. वडिलांचं साल तिला पाठ होतं. बाकीच्या शेकडो तळटीपांतली सालं कुणाला पाठ असणार? मार्गदर्शकांकडे आधीची छापील प्रत होती म्हणून निभावलं. दोन रात्री आम्ही ती प्रत शेजारी ठेवून एकेक आकडा ताडून पाहिला. ती वाचायची, मी दुरुस्त करायचो.

आता माझी तक्रार. त्या मुलीची चूक काडीचीही नव्हती. तिला एका कार्यालयातून नमुना फाइल मिळाली होती, 'याच स्वरूपात सादर करावे' अशा सूचनेसह. मी ती उघडली. प्रत्येक शीर्षक ठळक, १६ चा आकार, मधोमध, आणि स्टाइल, म्हणजे हे शीर्षक की साधा मजकूर हे वर्डला सांगणारा साचा, सगळीकडे नॉर्मल! क्रमांक हाताने लिहिलेले. अनुक्रमणिकेत तर टिंबाचं बटण दाबत दाबत पान क्रमांकापर्यंत नेलेलं. शिकणाऱ्याने नमुना प्रामाणिकपणे गिरवला आणि नमुन्यानेच त्याला खड्ड्यात नेलं, याचा मला आजही संताप येतो. ज्या फाइलवरून अनेक जण पुढे लिहिणार आहेत, ती बनवणाऱ्याने एक दिवस जास्त द्यायला नको का?

सवय कुठून आली तेही माहीत आहे. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा दिलेली आमची पिढी. टाइपरायटरवर शीर्षक मधोमध आणायचं तर अक्षरं मोजून निम्मी करायची, स्पेसबार दाबायचा. ते तिथे कौशल्यच होतं आणि मला त्याचा अभिमान आहे. पण संगणकावर आम्ही तेच हात घेऊन आलो. आणि वर्ड १९८३ मध्ये एमएस-डॉसवर आलं, तेव्हापासून त्यात स्टाइल शीट आहे! इतकी वर्षं ती सोय समोर असताना आपण आकडे हाताने लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच, की शीर्षक हा हुद्दा आहे. हेडिंग १ म्हणजे प्रकरण, हेडिंग २ म्हणजे त्याच्या हाताखालचा विभाग. तुम्ही वर्डला हुद्दा सांगा, क्रमांक ते देईल. हे पाहा, पडद्यावर. कंट्रोल-एफ दाबलं, डावीकडे नेव्हिगेशन पेन आलं, हेडिंग्जवर टिचकी. चौथं प्रकरण धरलं, ओढलं, तिसऱ्याच्या वर सोडलं. पोटातली सगळी उपशीर्षकं, तक्ते, तळटीपा सोबत गेल्या. ३.४.२ चं आपोआप ४.४.२ झालं. १९८४ ला धक्काही नाही.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. तर टेम्प्लेट, भराभर लिहून घ्या.

आधी हेडिंग स्टाइल दुरुस्त करा. मॉडिफाय, फॉरमॅट, फॉन्ट. इथे मराठीवाले हमखास फसतात. देवनागरीचा फॉन्ट, ठळकपणा आणि आकार कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सच्या वेगळ्या चौकटीत असतो. वरच्या चौकटीत कितीही १६ करा, 'प्रस्तावना' तशीच राहील. हेडिंग मुळात नॉर्मलवर बेतलेली असते, म्हणून नॉर्मलला पहिल्या ओळीचा इंडेंट दिलात की शीर्षकंही आत सरकतात. मजकुरासाठी बॉडी टेक्स्ट वापरा. नवं प्रकरण नव्या पानावर हवं तर एंटर मारत बसू नका, हेडिंग १ ला पेज ब्रेक बिफोर द्या.

मग क्रमांक. कर्सर हेडिंग १ मध्ये ठेवून मल्टिलेव्हल लिस्ट, डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट, खाली मोअर. पातळी १ निवडा, लिंक लेव्हल टू स्टाइलमध्ये हेडिंग १. पातळी २ ला हेडिंग २, असं खाली. पातळ्या ९ असतात, प्रबंधाला चार पुरतात. 'प्रकरण' हा शब्द क्रमांकाच्या चौकटीत आकड्याआधी लिहा, मजकुरात नको. देवनागरी अंक नंबर स्टाइलच्या यादीत आहेत, दिसले नाहीत तर ऑफिसच्या भाषांत हिंदी जोडा. डावीकडचं अंतर याच खिडकीत ठरवा, रूलर ओढू नका. आणि हे सगळं एकदाच, एकाच खिडकीतून. नंतर एखाद्या शीर्षकावर वरचं नंबरिंगचं बटण दाबलंत की ते शीर्षक साखळीतून तुटतं.

परिशिष्टांसाठी हेडिंग ७ मोकळं ठेवा, पातळी ७ ला 'परिशिष्ट' शब्द लावा आणि रीस्टार्ट लिस्ट आफ्टरची खूण काढा. नाहीतर प्रत्येक वेळी वरची पातळी आली की गणती पुन्हा पहिल्यापासून.

'प्रकरण ३ मध्ये पाहिल्याप्रमाणे' यातलं 'प्रकरण ३' सुद्धा टाइप करायचं नाही. रेफरन्सेस, क्रॉस-रेफरन्स, हेडिंग नंबर. वकील मंडळींनी नंबर्ड आयटम निवडा, याचिकेतला 'परिच्छेद १४' तसाच बसतो. सगळं झालं की कंट्रोल-ए, एफ-९. अनुक्रमणिका आणि संदर्भ दोन्ही ताजे होतात.

शेवटी सेव्ह ॲज, वर्ड टेम्प्लेट, डॉटएक्स (.dotx). मी बनवलेली फाइल त्या टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये आहे, पेनड्राइव्ह लावून घेऊन जा. वापरताना डबल क्लिक करा, म्हणजे नवी कोरी फाइल उघडेल. राइट क्लिक करून ओपन म्हणालात तर खुद्द टेम्प्लेट उघडेल, आणि तुमचा प्रबंध त्यातच सेव्ह होऊन बसेल.