जांभळ्या टोपणाची नळी

रक्त घेण्याच्या एका नळीचे टोपण जांभळे असते, कारण तिच्यात रक्त गोठू न देणारे ईडीटीए हे रसायन आहे. मधुमेही व्यक्तीच्या हातातून या नळीत घेतलेल्या रक्तावर प्रयोगशाळेत दोन वेगळ्या तपासण्या होतात. पहिली सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजदाद, आणि दुसरी एचबीएवनसी, जिला बोलण्यात सगळेच ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात. घरी दुसऱ्या तपासणीचा आकडा उत्सुकतेने वाचला जातो आणि पेशींचा कागद न पाहताच फाइलमध्ये जातो. प्रत्यक्षात त्या आकड्यावर किती विसंबायचे, हे बऱ्याचदा त्या कागदावरूनच कळते.

तांबड्या पेशीला ग्लुकोज आत घेण्यासाठी इन्सुलिन लागत नाही. त्यामुळे रक्तातली साखर वाढली की पेशीच्या आतलीही वाढते आणि तिथल्या हिमोग्लोबिनला ती हळूहळू चिकटत जाते. एकदा नीट चिकटली की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. अशा हिमोग्लोबिनचे शेकडा प्रमाण म्हणजे एचबीएवनसी. मधुमेहींच्या रक्तात हे हिमोग्लोबिन जास्त असते, ही गोष्ट तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर यांच्या 1968 च्या संशोधनातून पुढे आली. पुढे अमेरिका आणि कॅनडातील टाइप 1 मधुमेहाच्या 1441 रुग्णांवर दहा वर्षे चाललेल्या अभ्यासाने 1993 मध्ये दाखवून दिले की, हा आकडा खाली ठेवला तर डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांचे नुकसान बरेच टळते. आज 6.5 टक्के किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह असे मानतात, आणि 7 टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे 154 मिलिग्रॅम असा हिशेब मांडतात.

हा हिशेब तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, या गृहीतावर उभा आहे. (तीन महिन्यांपैकी जवळपास निम्मा वाटा शेवटच्या एका महिन्याचा असतो, हेही जाता जाता सांगायला हवे.) पेशींचे आयुष्य बदलले, तर साखर तीच राहूनही आकडा बदलतो.

लोहाची कमतरता हे त्याचे आपल्याकडचे सर्वांत नेहमीचे उदाहरण; तिच्यात साखर न वाढताही आकडा वर जाऊ शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि लोहाची कमतरता हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. समजा, एखाद्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 9 आहे, पेशींचे सरासरी आकारमान म्हणजे एमसीव्ही 80 ऐवजी 70 वर उतरले आहे, लहानमोठ्या पेशींमधला फरक दाखवणारा आरडीडब्ल्यू वाढलेला आहे, आणि एचबीएवनसी 6.6 आले आहे. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर मात्र व्यवस्थित आहे. अशा वेळी तिच्यावर लगेच मधुमेहाचा शिक्का मारणे घाईचे ठरेल. लोहाचे उपचार पूर्ण करून, जुन्या पेशी जाऊन नव्या आल्यावर तपासणी पुन्हा केली, तर तो आकडा उतरण्याची बरीच शक्यता असते.

उलट प्रकार मला अधिक धोक्याचा वाटतो. पेशी लवकर फुटत असतील, नुकताच बराच रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवले असेल, किंवा मूत्रपिंडाच्या आजारात रक्तवाढीची इंजेक्शने चालू असतील, तर रक्तात तरुण किंवा दुसऱ्याच्या पेशी जास्त असतात आणि आकडा खोटा दिलासा देऊ शकतो. विदर्भ आणि नंदुरबारसारख्या भागांत, जिथे सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे, तिथे हे विसरून चालणार नाही. ज्यांना आईवडील दोघांकडून सिकलचा जनुक मिळाला आहे, त्यांच्या रक्तात नेहमीचे हिमोग्लोबिन ए तयारच होत नाही, म्हणून त्यांच्यासाठी एचबीएवनसी ही तपासणीच निरुपयोगी आहे. फक्त वाहक असलेल्यांचे मोजमाप होऊ शकते, पण प्रयोगशाळेची पद्धत त्यासाठी योग्य असावी लागते.

आरडीडब्ल्यू किंवा प्लेटलेटचे आकारमान मधुमेहात वाढलेले दिसते, असे अनेक अभ्यास सांगतात. परंतु त्या आकड्यांवरून साखर ताब्यात आहे की नाही हे ठरवू नये, कारण ते वाढण्याची इतर कारणे पुष्कळ आहेत.

दोन्ही कागद जुळत नसतील, तर ग्लुकोमीटरवर वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या नोंदी, किंवा रक्तातील प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी फ्रुक्टोसामीन तपासणी, डॉक्टरांच्या उपयोगी पडते. ही तपासणी मागच्या दोन ते तीन आठवड्यांचीच साखर दाखवते, पण तिच्यावर तांबड्या पेशींच्या आयुष्याचा परिणाम होत नाही.