नायिका घर सोडते तेव्हा आपण काय बघतो?

(ठाण्यातील वाचक आणि प्रेक्षक गटांसाठी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मार्च जवळ आला की घोडबंदर रस्त्यापासून कोपरीपर्यंत सोसायट्यांच्या हॉलमध्ये, महिला मंडळांत एखादा स्त्रीप्रधान चित्रपट लावायचं ठरतं. चित्रपट संपतो, चहा येतो आणि चर्चा सुरू होते. तिने नवऱ्याला सोडलं ते बरोबर केलं का? निदान मुलीचा तरी विचार करायला नको होता का? दहा मिनिटांत सभागृहात दोन तट पडतात, तासाभराने सगळे घरी जातात, आणि चित्रपटाबद्दल कोणी काहीच बोललेलं नसतं. चर्चा तिथे का घसरते आणि ती कशी सावरायची, एवढंच आज मला सांगायचं आहे.

नायिकेचा न्यायनिवाडा करायला चित्रपट नीट बघावा लागत नाही, गोष्ट ऐकली तरी पुरतं. घर सोडणं ही ठळक घटना, म्हणून सगळे तिथेच थांबतात. मी तुम्हाला तीन प्रश्न देते. निर्णय नेमका कोणाचा आहे? तो निर्णय घेताना तिला किती वेळ आणि किती जागा मिळते? आणि ही हकिकत सांगतंय कोण? स्त्रीचा आत्मशोध या तीन ठिकाणी दिसतो. दार उघडून बाहेर पडण्याचं दृश्य हा त्यातला एक छोटा भाग.

‘उंबरठा’ घ्या. १९८२ चा जब्बार पटेल यांचा चित्रपट, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरचा, पटकथा विजय तेंडुलकरांची. स्मिता पाटील यांची सुलभा दोनदा घराबाहेर पडते. पहिल्यांदा ती महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून नोकरीवर जाते. तो निर्णय तिचा आहे, विरोध पत्करून घेतलेला. दुसऱ्यांदा ती आश्रमातून राजीनामा देऊन घरी परत येते, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आली आहे हे तिला कळतं आणि ती पुन्हा निघते. चर्चेत लोक दोन्ही वेळा ‘घर सोडलं’ असंच म्हणतात. पण पहिल्या वेळी तिच्यासमोर पर्याय होता आणि तिने निवड केली. दुसऱ्या वेळी परिस्थिती बदललेली तिला सांगण्यात येते आणि त्यावर ती उत्तर देते. हा फरक गटाला स्वतः सापडू द्या. त्यासाठी दोन्ही प्रसंग पाठोपाठ दाखवायचे आणि एकच विचारायचं: खोलीत बोलणं कोण सुरू करतं, कोण संपवतं? माझ्या मते या चित्रपटाचा खरा कस शेवटच्या रेल्वेप्रवासापेक्षा आश्रमातल्या मधल्या भागात लागतो. तिथे सुलभाला स्वतःच्या अधिकाराची मर्यादा कळते, आणि आश्रमातल्या बायकांच्या दुःखापुढे तिचं सुशिक्षित, सवर्ण, मध्यमवर्गीय असणंही उघडं पडतं.

याच्या शेजारी १९३७ चा ‘कुंकू’ ठेवा. प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम यांचा, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून केलेला. शांता आपटे यांची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला साफ नकार देते. हा नकार आजही अंगावर येतो. पण सुटका कशी होते? तिचे पती काकासाहेब आत्महत्या करतात तेव्हा. म्हणजे नकार तिचा आणि शेवटचा निर्णय त्याचा. यात शांताराम कमी पडले असं मी म्हणत नाही. हिंदू विवाहात घटस्फोटाची देशव्यापी कायदेशीर तरतूद १९५५ मध्ये आली. १९३७ मध्ये कथेला दुसरी वाट काढणं किती कठीण होतं हे ध्यानात घेऊनच बोललं पाहिजे. त्या काळचा कायदा ठाऊक नसला की जुन्या नायिका उगाच दुबळ्या वाटतात.

‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते घरातलं, रस्त्यावरचं. म्हणून या चित्रपटाचा पाच मिनिटांचा तुकडा आधी डोळे मिटून ऐकायला लावा, मग पुन्हा बघा. संगीताने ‘आता वाईट वाटून घ्या’ असं सांगितलं नाही की प्रेक्षकाला स्वतः ठरवावं लागतं.

तिसऱ्या प्रश्नासाठी मराठीत एक विलक्षण जोडी आहे. अभिनेत्री हंसा वाडकर यांचं ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन, अरुण साधू यांनी शब्दांकित केलेलं, १९७० मध्ये पुस्तकरूपाने आलेलं. आणि त्यावर आधारलेला श्याम बेनेगल यांचा १९७७ चा ‘भूमिका’. पुस्तकात ‘मी’ बोलते. आपली दारू, आपले पुरुष, आपली फसगत, सगळं ती स्वतःच्या तोंडाने सांगते आणि कुठे थांबायचं तेही तीच ठरवते. चित्रपटात तिची उषा होते आणि आपण तिच्याकडे बघायला लागतो. बेनेगल यांना ही अडचण पक्की ठाऊक होती. म्हणूनच सुरुवातीला आपण तिचा नाच प्रेक्षकाच्या डोळ्यांनी बघतो, आणि मग कळतं की हे चित्रीकरण चाललंय. १९७५ मध्ये ब्रिटिश चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी कॅमेऱ्याच्या पुरुषी नजरेबद्दल निबंध लिहिला. तो समजावून सांगण्यापेक्षा हा आरंभ दोनदा दाखवा. दुसऱ्यांदा आवाज बंद ठेवा आणि प्रत्येकाला एका ओळीत लिहू द्या: कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर कधी आणि शरीरावर कधी?

मग काळे या जमीनदाराच्या वाड्यातला भाग. बाहेर जत्रेला जायची साधी इच्छा, आणि या घरच्या बायका बाहेर जात नाहीत हे उत्तर. तिथे उषाला समजतं की स्थैर्य म्हणून जे पत्करलं तो कोंडवाडा आहे. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. म्हणून हा भाग चर्चेत निसटतो आणि म्हणूनच तो दाखवायचा.

पुस्तकांचं वाचनही असंच हाताने करायचं असतं. एक पान निवडा, साधारण अडीचशे शब्दांचं, आणि पेन्सिलीने क्रियापदं अधोरेखित करा. ‘ती गेली’, ‘तिला जावं लागलं’, ‘तिला पाठवलं’. तिन्हींसाठी तीन खुणा. वीस मिनिटं पुरतात. कादंबरीच्या सुरुवातीचं एक आणि शेवटचं एक पान असं केलं की बदल कागदावर दिसतो. कुठे चुकतं तेही सांगते: लोक नाट्यमय पान निवडतात. तिथे नायिका बोलणारच. रोजच्या कामाचं पान घ्या.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र या पद्धतीने वाचून बघा. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. मधल्या वर्षांत सोवळंओवळं, विटाळ, कोणाच्या हातचं पाणी चालतं हे सगळं त्यांच्या मनातून हळूहळू सुटत जातं. आत्मशोधाचा वेग हा असा असतो, दोन तासांच्या चित्रपटात तो मावत नाही. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात तर एकटीचा शोध असा वेगळा काढताच येत नाही, महारवाड्यातल्या बायकांची भूक, बाळंतपणं, सासुरवास आणि आंबेडकरी चळवळीने आलेलं भान हे सगळं एकत्र आहे. हे त्यांनी वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून लिहिलं. ‘स्वतःसाठी वेळ काढा’ छापाचा स्त्रीवाद या पुस्तकापुढे फार तोकडा पडतो, आणि यादीत हे पुस्तक शेवटी टाकायची सवय आपण मोडली पाहिजे.

बेक्डेल चाचणी हल्ली सगळ्यांना माहीत असते: दोन बायका, त्या एकमेकींशी बोलतात, विषय पुरुष सोडून दुसरा. १९८५ च्या एका व्यंगचित्रमालिकेतून ती आली. सुरुवातीला वापरायला ठीक, पण ती फक्त हजेरी मोजते. आणि बायकांच्या चित्रणाच्या समीक्षेची सुरुवात परदेशात झाली असं समजू नका. ताराबाई शिंदे १८८२ च्या ‘स्त्रीपुरुष तुलना’मध्ये त्या काळच्या कथा-नाटकांतल्या बायकांच्या चित्रणावर तुटून पडल्या होत्या.

आता कार्यक्रमाचं. वेळ अडीच तास धरा आणि पूर्ण चित्रपट दाखवू नका. तो लोकांनी आधी घरी बघून यावा. सहा ते आठ मिनिटांचे तीन तुकडे पुरतात. वेगवेगळ्या प्रतींची लांबी वेगळी असते, म्हणून तुकड्यांची वेळ आपल्याच प्रतीवरून लिहून ठेवा. हॉलच्या ट्यूबलाइट चालू राहिल्या तर ‘भूमिका’तले भूतकाळाचे कृष्णधवल भाग पडद्यावर पार धुऊन निघतात, पडद्याजवळच्या तरी बंद करा. प्रत्येक तुकड्यानंतर पहिली फेरी फक्त काय दिसलं, काय ऐकू आलं याची, प्रत्येकी एक वाक्य. मत दुसऱ्या फेरीत. ही फेरी टाळली की मोठ्या आवाजाची दोन-तीन माणसं पहिल्या पाच मिनिटांत निकाल लावून मोकळी होतात आणि मागच्या रांगेतल्या बायका गप्प बसतात. गट पंधरा-वीस जणांचा असला तर एक फेरी दहा मिनिटांत होते. त्याहून मोठा असेल तर दोन गट करा. आणि सासू-सून एकाच सोसायटीतून आल्या असतील तर त्यांना वेगवेगळ्या गटांत बसवा, दोघी मोकळेपणाने बोलतील.