मागच्या सीटवरचं बोलणं

(नागपुरात पालक आणि शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर माझा विषय ‘विद्यार्थी, शाळा, घर आणि मनाचं आरोग्य’ असा छापलाय. त्यावर येतोच. पण एक गोष्ट बरीच वर्षं मनात घोळते आहे, ती आधी मांडू द्या. वयात आलेलं पोर समोर बसवलं की बोलत नाही. ते मागच्या सीटवरून बोलतं.

इथे किती जण पोरांना गाडीवर क्लासला सोडतात? हात वर करा. बघा, अर्धा हॉल! आणि वाटेत ‘नीट धरून बस’ यापलीकडे बोलणं किती होतं? हसलात, म्हणजे कळलं.

माझा मुलगा अकरावीत होता. मानेवाड्याहून धरमपेठेत क्लासला मी त्याला सोडायचो. तुकडोजी पुतळा, मेडिकल चौक, लोहापूल, व्हेरायटी चौक, रोज तोच रस्ता. एका क्लासवाल्यांनी चाचणीनंतर बॅचेस पाडल्या आणि खालच्या बॅचची यादी दारावर चिकटवली. त्याचं नाव त्यात होतं. पोरं दारातून आत जाताना आपापलं नाव शोधत होती आणि दुसऱ्यांचंही वाचत होती. मी जाऊन विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘यानं पोरं पेटून उठतात.’ तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्यानंतर महिनाभरानं व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला मागून आवाज आला, ‘बाबा, सकाळी उठावंसंच वाटत नाही.’ मी काय म्हणालो असेन? ‘रात्री मोबाइल बंद करून लवकर झोपत जा.’ सिग्नल सुटला. तीन आठवडे त्यानं पुन्हा तोंड उघडलं नाही. एकतीस वर्षं पोरांना शिकवलं, वर्गातल्या चाळीस चेहऱ्यांवरून कोणाला काय कळलं नाही ते ओळखायचो. घरचं एक वाक्य मात्र मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्यांदा तो बोलला तेव्हा मी गाडी थांबवली नाही. मागे वळूनही पाहिलं नाही. एवढंच विचारलं, ‘किती दिवसांपासून?’ क्लास मागे राहिला, अमरावती रोड लागला, आम्ही फुटाळा तलावापर्यंत गेलो. तो बोलत होता, रडतही असावा. मी आरसा फिरवला नाही. पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. नैराश्य होतं. वर्षभर उपचार चालले, तो बरा झाला. आज हे सांगण्याआधी त्याची परवानगी घेतली आहे.

बायका हे आपल्या आधीपासून जाणतात. मटार सोलताना, पोळ्या लाटताना पोरं आईपाशी जे बोलतात, ते सोफ्यावर ‘बोल, काय झालं?’ असं विचारल्यावर कधी बोलत नाहीत. हात कामात असले की नजर चुकवायला जागा मिळते.

आणखी एक सांगतो. आपल्या गावात १८६४ पासून मनोरुग्णालय आहे, आणि आपण त्याला अजून पागलखाना म्हणतो. ‘तुला पागलखान्यात टाकू का?’ हे वाक्य घरात एकदा ऐकलेलं पोर आपलं मन बिघडलंय हे कसं सांगेल? पोरांचं आपसातलं ‘टेन्शन नको घेऊ बे’ मात्र प्रेमाचंच असतं. त्याच्यापुढे फक्त ‘सांग, काय झालं’ जोडायचं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली आहेत. खरा विषय तर आता सुरू होतोय! भरभर सांगतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात सर्वाधिक, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी शाळा-कॉलेजं आणि क्लासेसना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. गुणांवरून बॅचेस पाडणं आणि चारचौघांत लाजवणं शक्यतो टाळावं. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं. पालकसभेत उभं राहून विचारा, आपल्या शाळेत समुपदेशक कोण आहेत? त्यांची खोली मुख्याध्यापकांच्या खोलीला लागून नको, तिथे जाणारं पोर सगळ्यांना दिसतं.

शिक्षकांना सांगतो, पोर एकटं पडलं, डबा तसाच परत नेऊ लागलं, गुण अचानक घसरले, तर घरी तक्रारीचा फोन करण्याआधी त्याच्याशी बोला. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. जिवाला धोका दिसला तर सांगावं लागतं, हे त्याला आधीच कळू द्या.

पालकांना एक सांगायचंय, आणि ते लिहून घ्या. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. दिवसरात्र चालतो, मोफत आहे, मराठीतही बोलतात. पोराला फोन करायचं धाडस नसेल तर तुम्ही करा.

घंटी वाजली. प्रश्न राहिलेत, ठाऊक आहे. मी चहाच्या टेबलापाशी उभा आहे.